अस्तर, पेशी आणि पावती

पाळी सुरू झाल्यापासून ती कायमची जाईपर्यंत बाईच्या गर्भाशयाचं आतलं अस्तर साधारण चारशे वेळा गळून पडतं आणि चारशे वेळा नव्याने येतं. पाळी थांबताना उरलेला एक-दोन मिलिमीटरचा थर पुढच्या दहा-बारा दिवसांत आठ-दहा मिलिमीटरपर्यंत चढतो आणि मागे व्रण राहत नाही. कातडीला हे जमत नाही, हृदयाला तर नाहीच. जिचं सगळं सुरळीत चाललंय तिला याचा पत्ताही नसतो. जिचं अडतं तिला तो सोनोग्राफीच्या रिपोर्टवरच्या एका आकड्यातून लागतो. आयव्हीएफमध्ये अस्तर सात मिलिमीटरच्या खाली असलं की डॉक्टर एम्ब्रियो आत सोडायला कचरतात. ‘पिशवीचं अस्तर पातळ आहे, या महिन्यात ट्रान्सफर नको,’ हे वाक्य मग महिन्यामागून महिने ऐकावं लागतं.

डोंबिवलीजवळच्या ठाकुर्लीतल्या नव्या टॉवरांमध्ये राहणाऱ्या जोडप्यांना हे वाक्य परकं राहिलेलं नाही. लग्न उशिरा, घराचा हप्ता आधी, मूल नंतर, असा इथला क्रम आहे, आणि वंध्यत्व केंद्रांच्या जाहिराती लोकलच्या डब्यापासून रिक्षाच्या पाठीपर्यंत सगळीकडे आहेत. गोळ्यांनी अस्तर वाढलं नाही की पुढचा शब्द येतो ‘रिजनरेशन’. आधी पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव, आणि त्यानंतर स्टेम सेल. प्रश्न असा की ही उपचारपद्धती आज बाईला द्यावी का, कुणी द्यावी आणि तिचे पैसे घ्यावेत का. तिन्हींची उत्तरं एकच नाहीत, म्हणून हा खल.

आधी शरीरात काय घडतं ते. अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला जातो, खालचा, स्नायूला चिकटलेला, राहतो. या खालच्या थरात मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असाव्यात असा तर्क जुना होता. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये कॅरोलिन गार्गेट यांच्या गटाने २००४ मध्ये मानवी अस्तरातून एकेका पेशीपासून वसाहत वाढवणाऱ्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या, तेव्हा त्या तर्काला आधार मिळाला. इस्ट्रोजेन या वाढीचं मुख्य इंधन, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यात एक बारकावा आहे आणि तोच उपचारात महत्त्वाचा ठरतो. पाळी चालू असतानाच उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर पेशींची पहिली साय धरू लागते, आणि त्या वेळी रक्तातलं इस्ट्रोजेन अगदी कमी असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तर अंडाशय काढून टाकल्यावरही ही पहिली डागडुजी होते. जाडी भरण्याचं काम मात्र इस्ट्रोजेनवाचून होत नाही. तिथेही हॉर्मोन बरंचसं काम आडून करतं, म्हणजे आजूबाजूच्या आधारपेशींना उद्युक्त करतं आणि त्या पेशी पृष्ठभागाला वाढायला सांगतात.

अंगणातली हरळी कितीही खुरपली तरी मृगाचा पाऊस पडला की वर येते, कारण मुळं जमिनीत असतात. मुळांसकट माती खरवडून काढली तर पाऊस कितीही पडो, तिथे चिखलच होतो. पातळ अस्तराच्या बहुतेक स्त्रियांमध्ये मुळं शाबूत असतात आणि पाऊस कमी पडलेला असतो. त्यांना हॉर्मोनचा, रक्तपुरवठा सुधारण्याचा किंवा नुसत्या थांबण्याचा फायदा होतो. पण ज्यांचा खालचा थरच गेलेला आहे, त्यांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या दुप्पट करून काही मिळत नाही. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणात वार अडकल्यावर झालेलं क्युरेटिंग आणि गर्भाशयाचा टीबी ही त्याची आपल्याकडची दोन ठळक कारणं. पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात, पाळी अगदी कमी होते किंवा बंदच पडते. जोसेफ आशरमन यांनी १९४८ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून ही स्थिती त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्टेम सेलचा खरा प्रश्न या बायकांचा आहे. पहिल्या गटातल्या बाईला तो उपचार विकणं आणि दुसऱ्या गटातल्या बाईला तो नाकारणं, दोन्ही अन्याय होऊ शकतात.

या विषयावरचं एक काम आपल्याच रेल्वेमार्गावर झालं आहे. ठाकुर्लीहून धिमी लोकल पकडली की परळला उतरता येतं आणि तिथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, प्रजनन आरोग्यावरची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या डॉ. दीपा भरतीय यांच्या गटाने २०१५ आणि २०१८ मध्ये उंदरांच्या गर्भाशयावरचे निबंध प्रसिद्ध केले. अस्तराच्या मुळाशी अतिशय लहान आकाराच्या, भ्रूणावस्थेतल्या पेशींशी साधर्म्य असलेल्या मूळपेशी आहेत आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन इतकंच नव्हे तर एफएसएचसारखं मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून येणारं हॉर्मोनही त्यांच्यावर थेट परिणाम करतं, असा त्यांचा दावा. तो खरा ठरला तर ‘गोळ्यांनी अस्तर वाढवणं’ या नेहमीच्या कल्पनेचीच फेरमांडणी करावी लागेल. मात्र या अतिलघु पेशी अस्तित्वात आहेत का, यावरच जगात वाद आहे. स्टॅनफर्डच्या अर्व्हिंग वाइसमन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये उंदरांत त्या शोधल्या आणि सापडल्या नाहीत असं सांगितलं. परळचा गट म्हणतो की पेशी इतक्या लहान आहेत की नेहमीच्या पद्धतीत त्या निसटतात. हा वाद प्रयोगशाळेतच सुटायला हवा. पण तो सुटेपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या माहितीपत्रकात ‘शास्त्राने सिद्ध’ असं लिहिलेलं असेल तर ते खरं नाही, एवढं नक्की.

माणसांवरचे प्रयोग परळच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांत भारत पहिल्या रांगेत आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. २०११ मध्ये अहमदाबादच्या डॉक्टरांनी गंभीर आशरमन असलेल्या एका स्त्रीला तिच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या, अस्तर वाढलं आणि आयव्हीएफने गर्भ राहिला. २०१४ मध्ये दिल्लीच्या एम्समधून डॉ. नीता सिंग यांच्या गटाने सहा स्त्रियांची नोंद दिली. सुईने अस्तराच्या खाली पेशी सोडल्या, वर इस्ट्रोजेन दिलं, आणि सहापैकी पाच जणींची पाळी परत आली. २०१६ मध्ये स्पेनमधून सोळा स्त्रियांचा अभ्यास आला. तिथे पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतून पोचवल्या होत्या. पाळी सुधारली, काहींना गर्भ राहिला, पण सहा महिन्यांत पाळी बरीचशी मूळपदावर आली. ही शेवटची ओळ जाहिरातीत कधी वाचायला मिळत नाही.

एक, सहा, सोळा. आकडे लहान आहेत म्हणून ते खोटे नाहीत, पण त्यांच्यात तुलनेचा गट नाही. यातल्या स्त्रियांवर दुर्बिणीतून चिकटलेला भाग सोडवण्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या असतात, त्यांना इस्ट्रोजेनही मिळालेलं असतं, आणि केवळ तेवढ्यानेही काही जणींना दिवस राहतात. मग श्रेय पेशींना किती द्यायचं? याहून अवघड प्रश्न मुळाशीच आहे. अस्थिमज्जेतून अस्तर तयार होऊ शकतं ही कल्पना येल विद्यापीठाच्या ह्यू टेलर यांच्या २००४ च्या निबंधातून रुजली. दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेल्या चार स्त्रियांच्या अस्तरात त्यांना दात्याच्या पेशी आढळल्या, पण एकीत ०.२ टक्के तर दुसरीत जवळपास निम्म्या. २०१८ मध्ये गार्गेट यांच्याच सहकाऱ्यांनी उंदरांवर काळजीपूर्वक प्रयोग करून दाखवलं की अस्थिमज्जेच्या पेशी अस्तराच्या पेशी होतच नाहीत. ज्या दिसतात त्या बहुतांशी रोगप्रतिकाराच्या पेशी असतात. म्हणजे या पेशी अस्तराचा भाग बनतात की फक्त काही रसायनं सोडून शेजारच्या झोपलेल्या पेशींना उठवतात, यावर विषयाचे जाणकारच दोन बाजूंना आहेत. दुसरं खरं असेल तर उद्या पेशींची गरजच न लागता एखादं इंजेक्शनही पुरेल.

आता दुसरी बाजू, आणि ती मला खरोखर वजनदार वाटते. अडतीस वर्षांच्या बाईला ‘दहा वर्षांत चांगले प्रयोग होतील’ हे सांगून काय उपयोग? अंडाशयातली बीजं प्रयोगांसाठी थांबत नाहीत. पेशी तिच्या स्वतःच्याच आहेत, परक्याचं काही शरीरात जात नाही. आणि नवं तंत्र दरवेळी तुलनेचा गट ठेवूनच जन्माला येतं असंही नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्याच केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरच्या परळच्या संस्थेचे त्या वेळचे प्रमुख डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफचं मूल जन्मलं, तेव्हा कुणी तुलनेचा गट मागितला नव्हता. मग या बायकांकडूनच का?

या युक्तिवादाला उत्तर आहे, पण ते अर्धंच. १९८६ मध्ये नळ्या पूर्ण बंद असलेल्या स्त्रीला आयव्हीएफशिवाय मूल होणं जवळपास अशक्य होतं, त्यामुळे जन्मलेलं मूल हाच पुरावा होता. अस्तराच्या बाबतीत उपचाराशिवायही थोड्यांना यश मिळतं, म्हणून तुलना लागते. शिवाय तो प्रयोग सार्वजनिक रुग्णालयात झाला, पैसे उकळून नव्हे. वयाच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. थांबायला सांगणं हाही एक निर्णय आहे आणि त्याची किंमत थांबणारीच मोजते.

‘स्वतःच्या पेशी म्हणजे निर्धोक’ हे मात्र मान्य करता येत नाही. मज्जा काढायला भूल लागते. जे इस्ट्रोजेन वर दिलं जातं ते प्रोजेस्टेरॉनच्या जोडीशिवाय दीर्घकाळ दिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ पासून माहीत आहे. आणि जी पुनरुत्थानाची ताकद आपण मागतो आहोत ती भलत्या जागी जागी झाली की काय होतं, हे एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईला विचारावं. गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, आतड्यावर रुजलेलं तेच अस्तर दर महिन्याला तसंच वाढतं आणि रक्त सोडतं. पाळीच्या रक्तात मूळपेशी सापडतात, म्हणून तर २०१० च्या सुमारास भारतात ते रक्त उणे १९६ अंशांना गोठवून साठवण्याची सेवाही बाजारात आली. कावळा शिवला म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या आजीच्या नातीला त्याच रक्ताची बचत ठेव उघडायला सांगितलं गेलं. विज्ञान पुढे गेलं, पण विक्रेता त्याच्याही पुढे.

पर्याय काय, हे पाहिल्याशिवाय तराजू पूर्ण होत नाही. पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. पाठोपाठच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुजरातमधल्या एका स्त्रीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं गेलं. या दुसरीचं स्वतःचं गर्भाशय आशरमनमुळे निकामी झालं होतं. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला मुलगी झाली, सुमारे साडेचौदाशे ग्रॅम वजनाची. काही मिलिमीटरच्या थरासाठी अख्खा अवयव बदलावा लागला. शस्त्रक्रियेचं कौतुक करावंच, पण आईवर एक मोठं ऑपरेशन, मुलीवर एक, आणि नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोजची औषधं, हे सगळं पाहिलं की मज्जेतल्या चार थेंबांनी भागलं तर किती बरं, असं वाटणं स्वाभाविक आहे. दुसरा पर्याय सरोगसीचा. २०२२ च्या सरोगसी नियमांत गर्भाशयाच्या भिंती आतून चिकटणं आणि अस्तर पातळ असणं ही सरोगसीसाठी ग्राह्य वैद्यकीय कारणं म्हणून नोंदवली आहेत. पण मोबदला द्यायला बंदी आहे, परवानग्या अनेक आहेत आणि तयार होणारी बाई शोधणं ही वेगळीच कसोटी. दुसऱ्या बाईच्या शरीराला नऊ महिने जोखमीत घालायचं की आपल्याच मज्जेवर प्रयोग करून पाहायचा, हा प्रश्न एखाद्या जोडप्यापुढे आला तर त्यांनी मज्जेचा मार्ग निवडला यात नवल नाही.

म्हणून बंदीच्या बाजूने मी नाही. विक्रीच्या बाजूनेही नाही. कायद्याची स्थिती इथे आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जा प्रत्यारोपण सोडलं तर कुठलाही स्टेम सेल उपचार नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. द्यायचा तर नोंदणी झालेल्या चाचणीतच, नीतिसमिती आणि संस्थेच्या स्टेम सेल समितीच्या मंजुरीने, आणि रुग्णाकडून पैसे न घेता. म्हणजे पावती फाडली गेली की ती चाचणी उरत नाही. समुपदेशकासमोर बसलेल्या जोडप्याला दुसरं काही कळो न कळो, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक मागणं आणि ‘यात आमचे पैसे कशाला?’ हा प्रश्न विचारणं एवढं जमण्यासारखं आहे. पीआरपीला स्टेम सेलचे नियम लागू होत नाहीत, ती फट आहे. आणि युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये ते सरसकट वापरू नये असंच सुचवलं आहे.

चाचणी कुठे व्हावी? माझ्या मते परळला, आयसीएमआरच्या त्या संस्थेने आणि केईएमने मिळून. कल्याण-डोंबिवलीच्या बाईला पुन्हा पुन्हा परळच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत म्हणून सोनोग्राफीचा पाठपुरावा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात करता येईल. इथे कुणीही समंजस माणूस हरकत घेईल, आणि घ्यायलाच हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कळवा रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. जिथे खाटा आणि माणसं पुरत नाहीत तिथे अस्तराच्या मिलिमीटरांची चैन कशाला? ही हरकत मी पूर्ण खोडू शकत नाही. वंध्यत्वाने कुणी मरत नाही, असं त्यावर म्हटलं जातं, आणि ते शब्दशः खरं आहे. पण मूल नाही म्हणून घरात, सणासमारंभात, ओटीभरणाच्या वेळी बाईला जे सोसावं लागतं त्याचा हिशोब रुग्णालयाच्या खाटांत होत नाही. आणि हे काम सार्वजनिक रुग्णालयांनी नाकारलं तर ते थांबत नाही, ते फक्त पावतीसकट खासगीत जातं.

खर्चाचा क्रम लावायचा तर मात्र पहिला रुपया स्टेम सेलवर नको. मुळं खरवडली जाणंच थांबवता येण्यासारखं आहे. गर्भपातानंतर पिशवी साफ करायला धारदार क्युरेट वापरू नये, त्याऐवजी हवेच्या दाबाने ओढून घेण्याची पद्धत किंवा गोळ्या वापराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षं सांगते आहे. तरी ‘क्युरेटिंग करून घ्या’ हा सल्ला छोट्या नर्सिंग होममध्ये अजून सर्रास दिला जातो. डोंबिवलीच्या शास्त्रीनगर आणि कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात ही ओढून घेण्याची पद्धत, आणि पाळी कमी झालेल्या तरुण मुलीची टीबीची तपासणी, या दोन गोष्टी काटेकोर झाल्या तर पुढे मज्जेत सुई खुपसायची वेळ येणाऱ्या बायका कमी होतील. यात बातमी नाही, फीत कापायला काही नाही, म्हणून ते मागे पडतं. याच राज्यात बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली तेव्हा, २०१९ मध्ये, ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. एका टोकाला खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकणं आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या आतल्या पापुद्र्यासाठी लाखो रुपये. दोन्ही टोकांना बाईला निर्णयाआधी पूर्ण माहिती मिळालेली नसते.

आज, या महिन्यात, पातळ अस्तराचा रिपोर्ट हातात असलेल्या बाईसाठी काय उरतं? आधी कारण शोधणं. मुळं आहेत की नाहीत, हे दुर्बिणीतून पाहता येतं. असतील तर हॉर्मोन मोजून द्यावं, आणि सातचा आकडा हा देवाचा शब्द नाही, सहा मिलिमीटरवरही गर्भ राहिल्याच्या नोंदी आहेत, हे तिला सांगावं. नसतील तर अनुभवी हातांकडून चिकटलेला भाग सोडवून घ्यावा, टीबी असेल तर आधी तो बरा करावा, आणि तरीही अस्तर आलं नाही तर सरोगसी, दत्तक किंवा नोंदणीकृत चाचणी या तिन्हींची गोष्ट एकाच बैठकीत, एकाच आवाजात व्हावी.

आणि एक काम सरकारला फारसा खर्च न करता उद्यापासून करता येईल. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने प्रत्येक वंध्यत्व केंद्राने राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करणं आणि उपचारांची माहिती तिथे देणं बंधनकारक आहे. त्या नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत: अस्तरासाठी काय दिलं, त्याचे किती पैसे घेतले, आणि पुढे काय झालं. ज्यांना काहीच झालं नाही त्यांचीही नोंद त्यातच.